पडद्यावर न आलेली नावं

(संघटनेच्या वार्षिक अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे त्याचा आपल्या कामाशी काय संबंध, असं सकाळपासून तिघींनी मला विचारलं. विषय आहे इंग्लंडमधली एक दूरचित्रवाणी मालिका. तीही विज्ञानकथेची, काळातून आणि अंतराळातून भटकणाऱ्या एका म्हाताऱ्याची. आपण इथे पोटगीच्या केसेस, रेशनकार्डावरची नावं, दारूची दुकानं यावर बोलायला जमतो. तर थोडा धीर धरा.

मागच्या बैठकीत आपल्या वाटचालीच्या पुस्तिकेवरून जो वाद झाला तो लक्षात असेलच. पुस्तिकेत कुणाकुणाची नावं छापायची? एक म्हणणं असं, की कुणाचंच नको. काम सगळ्यांचं, म्हणून नाव फक्त संघटनेचं. दुसरं असं, की नावं छापली नाहीत तर पुढच्या मुलींना कळणार कसं, हे कुणी केलं? चहा गार झाला तरी वाद मिटला नाही आणि निर्णय पुढे ढकलला. मी त्या दिवशी गप्प होते. खरं सांगायचं तर पहिलं म्हणणं मला पटत होतं. एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला शिकवलं होतं, कार्यकर्तीनं मागे राहावं, लोकांना पुढे करावं. पण घरी जाताना एसटीत एक धून डोक्यात वाजायला लागली. ती धून ज्या बाईनं केली तिची गोष्ट आठवली आणि माझं मत डळमळीत झालं. ती गोष्ट सांगायची तर आधी मालिकेची सांगावी लागेल.

मालिकेचं नाव 'डॉक्टर हू'. बीबीसीवर पहिला भाग लागला २३ नोव्हेंबर १९६३ ला, शनिवारी संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास. आदल्याच दिवशी अमेरिकेत केनेडींचा खून झाला होता. सगळ्यांचं लक्ष तिकडे. म्हणून पुढच्या शनिवारी तोच भाग पुन्हा दाखवला आणि त्याला जोडून दुसरा.

गोष्ट अशी. लंडनच्या एका शाळेतले दोन शिक्षक, इतिहास शिकवणारी बार्बरा आणि विज्ञान शिकवणारा इयन, आपल्या एका हुशार पण जरा विचित्र विद्यार्थिनीच्या मागोमाग तिच्या पत्त्यावर जातात. तिथे घर नाहीच. भंगाराच्या आवारात एक निळी पेटी उभी आहे, पोलिसांना फोन करण्यासाठी त्या काळी लंडनच्या रस्त्यावर असायची तशी. आत पाऊल टाकावं तर ती बाहेरून दिसते त्याच्या कितीतरी पट मोठी. ते यान आहे, काळातही फिरणारं. आणि मुलीचा आजोबा म्हणजे डॉक्टर. मग दर आठवड्याला हे चौघं कधी भूतकाळात, कधी परग्रहावर. शनिवारी खेळांचा कार्यक्रम संपला की तरुणांच्या गाण्यांचा कार्यक्रम सुरू होईपर्यंत घरातल्यांनी टीव्हीसमोरून उठू नये, एवढी साधी गरज त्यामागे होती. मुलांना जाता जाता इतिहास-विज्ञान शिकवावं, हा आणखी एक हेतू.

ही कल्पना पुढे रेटणारा माणूस सिडनी न्यूमन. बीबीसीच्या नाट्यविभागाचा नवा प्रमुख, कॅनडातून आलेला, स्थलांतरित ज्यू कुटुंबातला. जुन्या बीबीसीच्या दृष्टीनं परकाच. मालिकेची निर्माती म्हणून त्यानं आणली व्हेरिटी लँबर्टला. वय सत्तावीस. त्या वेळी बीबीसी टेलिव्हिजनच्या नाट्यविभागात ती सगळ्यांत तरुण निर्माती होती, आणि एकटी बाई.

व्हेरिटीचा आधीचा प्रवास बघण्यासारखा आहे. सोळाव्या वर्षी शाळा सोडली, एक वर्ष पॅरिसला शिकली, मग टायपिंग-शॉर्टहँडचा कोर्स. पहिली नोकरी हॉटेलात मेन्यूकार्ड टाइप करायची, कारण फ्रेंच येत होतं. पुढे एका टीव्ही कंपनीत सेक्रेटरी, तिथून निर्मिती सहाय्यक. १९५८ साली एक नाटक थेट प्रसारित होत असताना त्यातला एक नट कॅमेऱ्यामागे कोसळला आणि वारला. प्रसारण चालूच होतं. दिग्दर्शक धावत खाली गेला, बाकीच्या नटांना कुणी काय बोलायचं हे सांगायला. वर कॅमेऱ्यांना सूचना देण्याचं काम या मुलीनं सांभाळलं. नाटक शेवटपर्यंत गेलं. तरी तिची बढती सहाय्यकाच्या पुढे जाईना. शेवटी न्यूमननं तिला बीबीसीत बोलावून घेतलं तेव्हा, ही इतक्या वर कशी चढली, अशी कुजबूज झालीच. ती कुजबूज कुठल्या प्रकारची होती ते इथे बसलेल्या कुणालाही समजावून सांगायची गरज नाही.

पहिल्या कथेचा दिग्दर्शक होता वारिस हुसैन. हा आपल्या लखनौचा. १९३८ चा जन्म, लहानपणी आईवडिलांबरोबर इंग्लंडला गेला. आई म्हणजे लेखिका अतिया हुसैन. फाळणीच्या आसपासच्या लखनौवरची त्यांची इंग्रजी कादंबरी 'सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम' १९६१ साली आली. वारिस तेव्हा चोवीस वर्षांचा. म्हणजे कॅनडाहून आलेला ज्यू वरिष्ठ, बाई निर्माती, हिंदुस्थानी दिग्दर्शक. आणि हाताखाली वर्षानुवर्षं तिथेच काम केलेले अनुभवी पुरुष तंत्रज्ञ.

या मंडळींना मिळालं काय? लाइम ग्रोव्हमधला सगळ्यांत जुनाट स्टुडिओ, 'डी' नावाचा. दिव्यांनी तो इतका तापायचा की आगीसाठी छताला बसवलेले पाण्याचे फवारे आपोआप सुरू व्हायचे. खर्चाला एका भागामागे सुमारे २३०० पौंड, म्हणजे अंतराळ दाखवायला काहीच नाही. पहिला भाग सप्टेंबरअखेर चित्रित झाला तो न्यूमनला पसंत पडला नाही. त्यानं दोघांना जेवायला नेलं, खरं म्हणजे तुम्हाला काढून टाकायला हवं असं सुनावलं, एकेक चूक सांगितली, आणि पुन्हा करायला लावला. १८ ऑक्टोबरला तोच भाग दुसऱ्यांदा चित्रित झाला. आपल्याकडे किती नव्या मुलींना अशी दुसरी संधी मिळते? पहिल्याच चुकीला, 'बघा, आम्ही म्हणत होतो ना' हे ऐकायला मिळतं.

पहिला भाग सुमारे ४४ लाख लोकांनी पाहिला. बरं होतं, फार नव्हतं. दुसऱ्या कथेनं चित्र पालटलं. त्यात डालेक आले. डालेक म्हणजे धातूच्या कवचात बसलेले, आपल्याहून वेगळ्या प्रत्येकाचा नायनाट करायला निघालेले जीव. व्हेरिटीच्या वरच्या अधिकाऱ्याला ती संहिता मुळीच आवडली नव्हती, करू नका म्हणून त्यानं सांगितलं होतं. पण दुसरी संहिता तयारच नव्हती, आणि व्हेरिटी अडून राहिली. न्यूमनचाही आधीपासून हुकूम होता, मालिकेत बटबटीत डोळ्यांचे राक्षस नकोत. तोही भडकला. कथा संपेपर्यंत प्रेक्षक एक कोटीच्या वर गेले. ब्रिटनमधली पोरं शाळेच्या मैदानात हात ताठ करून डालेक होऊन फिरायला लागली. मालिका वाचली ती त्यामुळे.

इथे श्रेयाचा पहिला धडा आहे, आणि तो एका पुरुषाचा आहे. डालेकची कल्पना लेखक टेरी नेशनची. पण आज जगात कुणीही ओळखेल तो आकार, खालची घेरदार, गोळ्यागोळ्यांची बाजू, घुमट, पुढे आलेला एकच डोळा, हे सगळं रेमंड क्युसिकनं घडवलं. क्युसिक बीबीसीचा पगारी डिझायनर. त्याला पगाराच्या वर बक्षीस म्हणून सुमारे शंभर पौंड मिळाले. नेशन बाहेरचा, कंत्राटावर लिहिणारा. डालेकच्या खेळण्यांवर तो श्रीमंत झाला. आणि तो झाला कुणामुळे? त्याची एजंट बेरिल व्हर्च्यू हिच्यामुळे. असल्या वस्तूंच्या विक्रीतला लेखकाचा वाटा तिनं करारात शाबूत ठेवला होता. तेव्हा कुणाला वाटलं होतं की रद्दी कथेतल्या पत्र्याच्या डब्यांची खेळणी विकली जातील? करार नीट वाचणारी एक बाई असली की काय होतं, त्याचं हे उदाहरण. तेव्हा पुरुष मिळवतात आणि बायका गमावतात, एवढं सोपं गणित मी मांडत नाही. पगारी आणि बाहेरचा, हा फरक आधी लक्षात ठेवा. तो पुढे लागणार आहे.

आता त्या धुनेकडे येते. खरं तर तिच्याचसाठी उभी आहे.

डेलिया डर्बीशायर. जन्म १९३७, कॉव्हेंट्री. वडील पत्र्याचं काम करणारे कारागीर. १९४० साली जर्मन विमानांनी कॉव्हेंट्री भाजून काढलं तेव्हा ही तीन वर्षांची. हल्ल्याचे भोंगे आणि हल्ला संपल्याचे भोंगे, हे आपण ऐकलेलं पहिलं 'अमूर्त संगीत', अशा अर्थाचं ती पुढे सांगायची. कामगाराची ही मुलगी केंब्रिजला गेली, गणित आणि संगीत शिकली. १९५९ साली डेक्का या रेकॉर्ड कंपनीत नोकरी मागायला गेली. उत्तर मिळालं, आम्ही रेकॉर्डिंग स्टुडिओत बायकांना घेत नाही. झालं. कारण लपवायचीसुद्धा गरज वाटली नाही.

१९६० मध्ये ती बीबीसीत शिकाऊ म्हणून लागली आणि १९६२ मध्ये स्वतः मागून घेऊन रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये गेली. नभोनाट्यांसाठी आणि टीव्हीसाठी वेगळे, यंत्रांतून काढलेले आवाज तयार करण्याचा हा विभाग. १९५८ साली तो सुरू व्हावा म्हणून खटपट करणाऱ्यांत डॅफ्ने ओरम ही एक बाई पुढे होती, आणि वर्षभरात कंटाळून तिनं बीबीसी सोडली. तिचं नावही आपण ऐकलेलं नसतं. हे कंसात.

'डॉक्टर हू'साठी शीर्षक-संगीत हवं होतं. संगीतकार रॉन ग्रेनरनं एका कागदावर चाल लिहून दिली. काही ठिकाणी स्वरांऐवजी वर्णनंच होती, वाऱ्याचे बुडबुडे, ढग, असली. मग तो कागद डेलियाच्या हातात आला. सिंथेसायझर तिच्याकडे नव्हता. मग तिनं केलं काय? एका ताणलेल्या तारेला छेडून तो एकच आवाज टेपवर घेतला. यंत्रांच्या चाचणीसाठी वापरायचे ऑसिलेटर होते, त्यांचे स्वर घेतले. रेडिओवर स्टेशन लागत नसताना येते ना खरखर, ती घेतली. मग प्रत्येक आवाजाची टेप वेगात किंवा सावकाश फिरवून हवी ती पट्टी मिळवायची. जेवढा वेळ स्वर वाजायला हवा तेवढी टेप मोजून ब्लेडनं कापायची. पुढचा स्वर, पुढचा तुकडा. तुकडे चिकटपट्टीनं जोडायचे. खालचा ठेका एका टेपवर, चाल दुसरीवर, बुडबुडे आणि ढग तिसरीवर, आणि मग तिन्ही एकदम सुरू करून एकत्र वाजवायच्या. तिच्या मदतीला डिक मिल्स होता. एकदा कुठेतरी काही जुळेना. चुकीचा जोड सापडेना. तेव्हा म्हणे त्यांनी लांबलचक कॉरिडॉरमध्ये टेपा शेजारी शेजारी पसरल्या आणि कुठल्या टेपचा जोड बाकीच्यांशी जुळत नाही ते डोळ्यांनी शोधलं.

मी हे इतकं तपशिलात सांगते आहे, कारण हे वाचताना मला गोधडी शिवणाऱ्या बायका आठवल्या. मोजायचं, कापायचं, जोडायचं, पसरून लांबून बघायचं. फक्त इथे कापड आवाजाचं होतं, आणि मोजमापाला केंब्रिजचं गणित होतं.

ग्रेनरनं तयार धून ऐकली तेव्हा त्याचा विश्वास बसेना. हे मी लिहिलंय? त्यानं विचारलं. डेलिया म्हणाली, बरंचसं. ग्रेनर भला माणूस. त्यानं सांगितलं, हिला सहसंगीतकार म्हणून श्रेय द्या, मिळकतीतला वाटाही द्या. ते बीबीसीच्या रीतीत बसेना. वर्कशॉपमधल्या माणसांनी निनावी राहायचं, हीच रीत होती. पडद्यावर आलं ते रॉन ग्रेनर आणि बीबीसी रेडिओफोनिक वर्कशॉप. १९६३ पासून १९८० पर्यंत, मधून मधून थोडे बदल होत, तिचीच धून वाजत राहिली. सतरा वर्षं दर भागाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या घराघरात ती होती, आणि तिचं नाव नव्हतं.

यात खलनायक कोण? मी बराच शोधला. संगीतकार तिच्या बाजूनं होता. निर्माती स्वतः बाई होती. वरिष्ठानं बाईला आणि हिंदुस्थानी माणसाला संधी दिली होती. तरी नाव गेलं. कारण कुणी ते मुद्दाम पुसलं नव्हतं, एक नियम होता आणि तो सगळ्यांना सारखाच लागू आहे असं सगळ्यांना वाटत होतं. व्हेरिटीचं नाव निर्माती म्हणून दर भागात येत होतं. तिच्या घरी पैसा होता, ती खर्चिक शाळेत शिकली होती. डेलिया पत्र्याच्या कारागिराची मुलगी. दोघींमधलं हे अंतरही विसरू नये. वर एक बाई पोचली म्हणून खालच्या बाईचं नाव आपोआप वर येत नाही. हे आपण आपल्या पंचायतींत बघतोच.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. व्हेरिटी १९६५ मध्ये मालिकेतून बाहेर पडली आणि ब्रिटिश टीव्हीतली मोठी निर्माती झाली. १९७४ साली तिनं बीबीसीसाठी 'शोल्डर टु शोल्डर' केलं, मताधिकारासाठी तुरुंगात गेलेल्या बायकांवरची सहा भागांची मालिका. त्याच्या दिग्दर्शकांत पुन्हा वारिस हुसैन होता. २००२ मध्ये तिला ओबीई मिळाला. २२ नोव्हेंबर २००७ ला ती गेली, 'डॉक्टर हू'च्या चव्वेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. वारिसला पुढे बाफ्टा मिळाला, एमीही. मात्र १९६४ साली त्यानं ज्याचे बहुतेक भाग दिग्दर्शित केले ते 'मार्को पोलो' बीबीसीच्या संग्रहातून नाहीसं झालं, सातही भाग. त्या काळी टेपा महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरायचे. नोंद ठेवण्याची गरज कुणाला वाटली नव्हती.

मालिका १९८९ मध्ये बंद पडली, २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली, बाफ्टा आणि ह्यूगो असे मोठे पुरस्कार मिळाले. १९८६ सालीच न्यूमननं पत्र लिहून सुचवलं होतं की डॉक्टर आता बाई असावी. कुणी मनावर घेतलं नाही. ती झाली २०१८ मध्ये, जोडी व्हिटेकर. म्हणजे पोलिसांच्या पेटीतून काळाच्या पलीकडे जाणं १९६३ मध्ये जमलं, बाईला मुख्य भूमिका द्यायला पंचावन्न वर्षं लागली.

आणि डेलिया? १९७३ मध्ये तिनं बीबीसी सोडली. थोड्याच वर्षांत संगीतही सोडलं. मध्यंतरी तिनं गॅसची पाइपलाइन टाकण्याच्या कामावर रेडिओ ऑपरेटर म्हणून नोकरी केली. ज्या बाईच्या आवाजानं लाखो मुलं सोफ्यामागे लपली, ती पाइपलाइनच्या कामावर निरोप देत-घेत होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तरुण संगीतकार तिला शोधत आले. ती पुन्हा काम सुरू करण्याच्या बेतात होती, आणि ३ जुलै २००१ ला वारली. घराच्या माळ्यावर २६७ टेपा सापडल्या. त्या पुढे मँचेस्टर विद्यापीठात गेल्या. २०१३ मध्ये मालिकेला पन्नास वर्षं झाली, तेव्हा खास भागाच्या श्रेयनामावलीत या धुनेसाठी तिचं नाव आलं. ती जाऊन बारा वर्षं झाली होती. २०१७ मध्ये कॉव्हेंट्रीत तिच्या घरावर निळी पाटी लागली आणि तिथल्या विद्यापीठानं मरणोत्तर डॉक्टरेट दिली. चांगलं झालं. पण पाटीनं भाडं भरता येत नाही. पंचवीस वर्षं ती जे करू शकली असती ते पाटीनं परत येत नाही.

आता माझी गोष्ट, थोडक्यात. काही वर्षांपूर्वी मी एका संस्थेत होते, नाव सांगत नाही. आम्ही एकट्या राहणाऱ्या बायकांची पाहणी केली, दोन वर्षं, बारा गावांत. अहवाल छापला तो संस्थेच्या नावानं. मला राग आला होता. पुढे नोकरीच्या मुलाखतीत मी तो अहवाल टेबलावर ठेवला तेव्हा समोरच्यांनी पानं उलटली आणि विचारलं, यात तुमचं नाव कुठे आहे? मी घरी येऊन रडले. हे मी बऱ्याच जणींना सांगितलं आहे. जे सांगितलं नाही ते असं. या भाषणाच्या तयारीसाठी तो अहवाल मी पुन्हा काढला. प्रत्येक गावात एकेक बाई होती जी मला दारोदार घेऊन गेली. कुठल्या घरात सासूसमोर बोलायचं नाही, कुणाला विहिरीवर गाठायचं, हे तिनं सांगितलं म्हणून ती माहिती मिळाली. अहवालात त्या बारा जणींबद्दल एक ओळ आहे, 'स्थानिक महिलांचे सहकार्य लाभले'. ती ओळ मी लिहिली आहे. आणि आता आठवून बघते तर बारांपैकी सातच नावं मला आठवतात. दोघींना तर मी वर्षभर मुलाच्याच नावानं, अमक्याची आई म्हणून हाक मारत होते.

'बीबीसी रेडिओफोनिक वर्कशॉप' आणि 'स्थानिक महिला', फरक किती?

आता पुस्तिकेचं. आपल्या ज्येष्ठ मैत्रिणी म्हणाल्या की चळवळीत नावाचा सोस नको. त्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. ज्यांनी ते म्हटलं त्यांनी तीस वर्षं स्वतःचं नाव मागे ठेवलं आहे, आणि त्या स्वतःच्या मर्जीनं निनावी राहिल्या. माझी अडचण वेगळी आहे. वर्कशॉपचं निनावीपण सगळ्यांना सारखं नव्हतं. कंत्राटावर आलेल्याचं नाव यायचं, पगारीचं नाही. आपल्या पुस्तिकेचा मसुदा मी पाहिला. प्रस्तावनेखाली पाहुण्यांचं नाव आहे. देणगीदारांची नावं आहेत, रकमेसकट. मुखपृष्ठ करणाऱ्या मुलाचं आहे, छापखान्याचं आहे. नावं नाहीत ती फक्त मोर्चाला भाकरी बांधून आणणाऱ्यांची, कोर्टात रात्रीपर्यंत बसणाऱ्यांची, अंकांचे गठ्ठे बांधून पत्ते चिकटवणाऱ्यांची. नको तर कुणाचंच नको, तेही मी समजू शकते. मग देणगीदारांची यादीही काढा. तेवढी हिंमत आहे का आपल्यात, हे आज दुपारच्या सत्रात ठरवू.

दुसरी बाजूही आहे. काहीजणींची केस कोर्टात आहे. काहींच्या घरी त्या इथे येतात हे माहीत नाही. त्यांचं नाव छापलं तर उद्या मार बसेल. म्हणून कुणाचंही नाव न विचारता छापायचं नाही, आणि न विचारता गाळायचंही नाही. बस, एवढंच मागणं आहे.

ही वही मागच्या रांगेपासून फिरवते आहे. काय काम केलं ते लिहा, आणि नाव कसं छापायचं ते लिहा. माहेरचं, सासरचं, नुसतं पहिलं, टोपणनाव, किंवा नको. जिला लिहिता येत नाही तिनं शेजारणीला सांगावं, शेजारणीनं ती सांगेल तसंच उतरवावं. दुरुस्त्या करू नयेत. आणि माझ्या त्या पाच राहिलेल्या नावांपैकी कुणाला काही माहीत असेल तर जेवणाच्या सुट्टीत मला भेटा. इथे त्या भागातल्या तिघी-चौघी आहेत.

वही फिरते आहे तोवर धून ऐकवते, १९६३ ची. दोन-अडीच मिनिटांची आहे. सुरुवातीला जो धडधडता ठेका येईल ना, ती एकच तार आहे.